तिकिटावरची गवती छपरं शोधत आठ दिवस

जपानी टपाल तिकिटांवरची जुनी शेतकरी घरं प्रत्यक्ष बघायला निघायचं, तर पहिले दोन दिवस तिकिटांना आणि घरं ओळखायला शिकण्याला द्यावेत. थेट शिराकावागोची बस पकडली तर सुंदर छपरं दिसतात, पण तिकिटावरचं घर यांपैकी कोणतं ते कळत नाही. ही वाट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली: तोक्यो, कावासाकी, सुवा, ताकायामा, शिराकावागो, गोकायामा आणि शेवटी क्योतोच्या उत्तरेला मियामा.

पहिला दिवस : तोक्यो

स्कायट्री मनोऱ्याच्या पायथ्याशी सोरामाची नावाचं बाजारसंकुल आहे. त्याच्या नवव्या मजल्यावर टपाल संग्रहालय आहे. तिकीट 300 येन. जगभरची सुमारे 3 लाख 30 हजार तिकिटं इथे उभ्या ओढखणांत लावली आहेत. चौकट ओढायची, बघायची, परत सरकवायची. जपानच्या चौकटींपाशी निदान दोन तास लागतात.

घरांसाठी चार ठिकाणं बघावीत. पहिलं, 1997 ते 1999 या काळात निघालेली ‘निहोन नो मिंका’ ही 80 येनच्या तिकिटांची मालिका. मिंका म्हणजे शब्दशः ‘लोकांची घरं’. त्यात शेतकरी, कोळी, व्यापारी सगळे आले. दुसरं, 2001-02 च्या जागतिक वारसा मालिकेतली शिराकावागो-गोकायामाची तिकिटं. तिसरं, ‘फुरुसातो’ म्हणजे ‘आपलं गाव’ तिकिटं. प्रत्येक प्रांताची ओळख दाखवणारी ही तिकिटं 1 एप्रिल 1989 पासून निघू लागली. चौथं, 2008 पासून निघालेली, चित्रकार हारादा ताइजी यांच्या ग्रामचित्रांची मालिका.

तिकीट जुनं की नवं हे चटकन ओळखायची एक खूण आहे. 1966 पासून तिकिटांवर ‘निप्पोन’ हे नाव रोमन अक्षरांतही छापलं जातं. त्याआधीच्या बहुतेक तिकिटांवर फक्त चिनी-जपानी लिपी असते.

संध्याकाळी मेजिरो. स्थानकापासून चालत तीन-चार मिनिटांवर दुसरं, छोटं तिकीट-संग्रहालय आहे आणि त्याच इमारतीत तिकिटांची दुकानं आहेत. सोमवारी बंद असतं. नव्वदीच्या दशकातली 80 येनची तिकिटं छापील किमतीच्या आसपास मिळतात. जपानमध्ये जुनी तिकिटं बाद होत नाहीत, फक्त सेन आणि रिन या जुन्या नाण्यांतली चालत नाहीत. म्हणजे इथे घेतलेलं 1998 चं तिकीट चार दिवसांनी त्याच घराच्या गावातून कार्डावर लावता येतं. या प्रवासाचा खरा आनंद हाच आहे.

फक्त हिशेब नीट करावा लागतो. ऑक्टोबर 2024 पासून देशांतर्गत पोस्टकार्डाला 85 येन लागतात, म्हणजे 80 च्या तिकिटाला 5 ची जोड हवी. माकडाचं चित्र असलेलं 5 येनचं साधं तिकीट कुठल्याही पोस्टात मिळतं. भारतात विमानाने पोस्टकार्ड पाठवायला 100 येन, तेव्हा 80 ला 20 ची जोड. दोन्ही प्रकारची सुटी तिकिटं तोक्योतच घेऊन ठेवावीत.

दुसरा दिवस : कावासाकीचं मिंका-एन

शिंजुकूहून ओदाक्यू लाइनने मुकोगाओका-युएन, तिथून पायी पाव तास. 1967 साली उघडलेल्या या खुल्या संग्रहालयात वेगवेगळ्या प्रांतांतून उकलून आणलेल्या, पुन्हा उभारलेल्या पंचवीस वास्तू टेकडीवर पसरल्या आहेत. सोमवारी बंद, आणि हिवाळ्यात साडेचारला दारं लागतात.

तिकिटावर भिंत दिसत नाही, अंगण दिसत नाही, माणूस तर मुंगीएवढा. ठळक दिसतं ते छप्पर. म्हणून छपरांचे आकार इथे पक्के करून घ्यावेत. दोन पाखी, त्रिकोणी टोकं उघडी ठेवणारं ते किरिझुमा. चारी बाजूंनी उतरणारं, आपल्या चौपाखी घरासारखं, ते योसेमुने. खाली चौपाखी आणि वर आढ्याजवळ छोटा त्रिकोण उघडा ठेवलेलं ते इरिमोया. हा त्रिकोण म्हणजे धुराची वाट. भिंग लावून पाहिलं तर तिकिटावर एवढं नक्की ओळखता येतं.

इवाते प्रांतातून आणलेलं कुदो घर हे मागारिया, म्हणजे ‘वाकडं घर’. वरून पाहिलं तर काटकोनात वळलेलं. एका बाहूत माणसं, दुसऱ्यात घोडे, सांध्यावर चूल. गारठ्याच्या प्रदेशात घोड्याला उब मिळावी आणि घरातूनच त्याच्यावर नजर राहावी हा हेतू. तिकिटावर छपराचं आढं काटकोनात वळलेलं दिसलं की घर ईशान्य जपानचं, असं बहुतेक वेळा धरून चालता येतं. कुजुकुरी किनाऱ्यावरचं साकुदा घर मासेमारीच्या मालकाचं. दोन वेगळी छपरं शेजारी आणि मधे पन्हळ. पन्हळ तुंबली की पाणी थेट घरात, त्यामुळे अशा घरांचा दुखरा कोपरा तोच.

किटामुरा घर 1687 सालचं आहे. लाकडावर शाईने लिहिलेल्या मजकुरामुळे वर्ष इतकं नेमकं सांगता येतं. त्याची बांबूची जमीन अनवाणी तुडवून बघावी.

काही घरांत स्वयंसेवक रोज इरोरी पेटवतात. इरोरी म्हणजे जमिनीत चौकोनी खळगा करून केलेली उघडी शेगडी, वर आकडा, आकड्याला किटली. एका आजोबांनी राख सारखी करता करता सांगितलं की पाहुण्यांना धूर आवडत नाही, पण छपराला तो रोज लागतो. धुरामुळे गवत कोरडं राहतं, कीड लागत नाही आणि वाशांवर काजळीचा थर बसतो. शेगडी विझली की छपराचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. कोकणात माळ्यावरच्या वाशांना धूर मिळतो त्यामागेही हेच शहाणपण आहे.

दुपारचं जेवण इथल्याच यामाशिता घरात. शिराकावाहून आणलेल्या या गाश्शो, म्हणजे जोडलेल्या हातांसारख्या तीव्र उताराच्या छपराच्या, घरात सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, मिळतो. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं की सोब्याच्या रश्शात सुक्या कात्सुओ माशाचा अर्क, म्हणजे दाशी, असतोच. भाजीचा सोबा मागितला तरी रस्सा तोच. रात्रीच्या मुक्कामांना ‘दाशीशिवाय’ हे आरक्षण करतानाच लिहून कळवावं. जेवणाच्या वेळी सांगून उपयोग होत नाही.

तिसरा दिवस : सुवा

शिंजुकूहून आझुसा गाडीने सव्वादोन तास. सगळ्या जागा आरक्षित असतात. कामीसुवा स्थानकापासून तळ्याकाठाने पाऊण तास चाललं की हारादा ताइजी कला-संग्रहालय येतं. सुवातच जन्मलेले हारादा 2022 साली गेले. लहानपणी पोलिओ झालेल्या या माणसाने खेडी रंगवली ती जवळून, सपाट रंगांत आणि माणसांच्या चेहऱ्यांवर नाकडोळे न काढता. तिकिटावर त्यांचं चित्र आक्रसलं तरी हरवत नाही. बारीक छटांचं चित्र अंगठ्याएवढ्या कागदावर चिखल होतं. हारादांच्या गवती छपराची कड मात्र एका रंगाची, म्हणून ती टिकते. मूळ चित्र आणि तिकीट शेजारी धरून बघायला मिळालं तर हे लगेच पटतं.

चौथा दिवस : ताकायामा

मात्सुमोतोहून डोंगर ओलांडणारी बस, सुमारे अडीच तास. पाऊस भुरभुरत होता आणि वरच्या शिखरांवर ताजं बर्फ.

हिदा नो सातो हे तळ्याभोवती वसवलेलं घरांचं संग्रहालय. इथलं वाकायामा घर मिबोरो धरणाखाली जाणाऱ्या शोकावा गावातून वाचवून आणलेलं. उतार गाश्शोसारखा तीव्र, पण टोकं इरिमोयाची, म्हणजे दोन प्रकारांच्या मधलं रूप. इथेच गवताऐवजी लाकडी फळ्यांची आणि त्यांवर दगड ठेवलेली छपरंही दिसतात. फळ्यांना खिळे नसतात. काही वर्षांनी त्या काढून, उलटून, खालवर करून पुन्हा लावतात. तिकिटावर छपरावर टिपके दिसले तर ते छापण्यातला दोष समजू नयेत, ते हे दगड.

रात्री होबा मिसो खाल्लं. वाळलेल्या मोठ्या पानावर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा), कांदापात आणि अळंबी ठेवून निखाऱ्यावर शेकतात. पान कडेने करपू लागलं की खायला घ्यायचं.

पाचवा दिवस : शिराकावागो

ताकायामाहून पन्नास मिनिटं. काही बसना आरक्षण लागतं आणि नोव्हेंबरात परतीच्या बस आधी भरतात. ओगीमाची वाडीत कोठ्या-पडव्या धरून शंभरावर गाश्शो वास्तू आहेत. डिसेंबर 1995 मध्ये ही वाडी आणि गोकायामातल्या दोन वाड्या जागतिक वारशात गेल्या. त्याच्या साठ वर्षं आधी, 1935 मध्ये, जर्मन वास्तुविशारद ब्रूनो टाउट इथे येऊन गेला आणि या घरांच्या तर्कशुद्ध रचनेबद्दल त्याने जगाला सांगितलं.

गाश्शो म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. छपराचा कोन साठ अंशांच्या जवळ. दोन-तीन मीटर बर्फ पडणाऱ्या खोऱ्यात याहून कमी उतार ठेवला तर बर्फ घसरत नाही.

तिकिटावरचा नेहमीचा देखावा उत्तरेच्या टेकडीवरून, जुन्या किल्ल्याच्या जागेवरून, दक्षिणेकडे बघणारा आहे. पायी वीस मिनिटं, नाहीतर छोटी बस. घरांची त्रिकोणी टोकं उत्तर-दक्षिण आहेत, खोऱ्यातला वाराही त्याच दिशेने वाहतो. वाऱ्याला अरुंद बाजू मिळते, आणि पूर्व-पश्चिम पाखांना आळीपाळीने ऊन मिळून गवत सुकतं. फोटो काढणाऱ्यांनी यातून वेळ ठरवावी. वरून दिसणारी टोकं उत्तरेची, ती दिवसभर सावलीत. सकाळी डाव्या हाताची पाखं उजळतात, दुपारनंतर उजवीकडची. भर दुपारी हिवाळी सूर्य समोर येतो आणि सगळं काळं दिसतं. तिकिटासारखी छायाप्रकाशाची फोड हवी असेल तर सकाळी नऊ ते दहा.

वादा घर आतून बघावंच. खालचा मजला सुतारांनी बांधलेला, वरचं छप्पर गावकऱ्यांनी. त्यामुळे छपरात लोखंडी खिळा नाही. जाड तिरक्या वाशांची खालची टोकं पेन्सिलीसारखी तासून तुळईच्या खळग्यात नुसती टेकवलेली असतात. या टोकाला कोमाजिरी म्हणतात. टेकवलेलं असल्यामुळे वादळात, भूकंपात छप्पर थोडं हलतं आणि जागेवर येतं. सांधे गवती दोराने आणि ‘नेसो’ने आवळतात. नेसो म्हणजे मान्साकू झाडाच्या कोवळ्या फांद्या, ओल्या असतानाच पिळून बांधलेल्या. सुकल्या की त्या आणखी आवळतात. वाळलेली फांदी वापरली तर पिळतानाच तुटते, म्हणून ती तोडायची आणि बांधायची यांत दिवस जाऊ देत नाहीत.

वरचे माळे रेशीमकिड्यांचे. खालच्या इरोरीची उब फटींतून वर जावी म्हणून माळ्याची जमीन विरळ काठ्यांची. टोकाच्या त्रिकोणातल्या कागदी खिडक्या उजेड-वाऱ्यासाठी. तिकिटावर त्या पांढऱ्या चौकोनांसारख्या दिसतात. त्यांच्या ओळी मोजल्या की माळे किती ते कळतं.

रस्त्याकडेच्या एका छोट्या कोठीचं एक पाख उघडून काम चाललं होतं. बाहेरचा माणूस लाकडी दाभण गवतातून आत खुपसत होता, आतला दोरी वाशामागून फिरवून दाभण परत देत होता. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, बोलणं सगळं हाकांवर. दाभण चुकीच्या बाजूने परत आलं तर गाठ वाशाला न बसता गवतालाच बसते आणि पहिल्या हिवाळ्यात तो भाग सरकतो. आपल्याकडे शाकारणीला पेंढ्याचा थर वीतभर असतो, इथे तो पाऊण मीटरच्या आसपास. मोठ्या घराचं एक पाख पूर्वी सगळं गाव मिळून एका दिवसात शाकारायचं. या रिवाजाला युई म्हणतात. इर्जिक किंवा सावड म्हटलं की मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. कोणी किती जुड्या आणल्या, किती दिवस दिले याची नोंद ठेवायची आणि आपल्या पाळीला तेवढंच फेडायचं. आता बरंचसं काम कसबी मंडळी करतात.

नोव्हेंबरात यायचा फायदा असा की उभं गवत कापून जुड्या बांधणं आणि भिंतींना हिमरोधी गवती कूड लावणं ही दोन्ही कामं चालू असतात.

मुक्काम गाश्शो घरातच करावा. खोल्यांमध्ये कागदी सरकते दरवाजे, त्यामुळे शेजारचं घोरणंही ऐकू येतं. जेवण सहाला, रोख पैसे जवळ हवेत, आणि तंबाखू पेटवायची ती फक्त नेमून दिलेल्या जागी. गवती गावात आगीइतकी दुसरी भीती नाही. घराच्या ओकामी, म्हणजे मालकीणबाई, इवाना मासा मीठ लावून निखाऱ्याकडेला उभा खोचत होत्या. भिंगाखालचं तिकीट त्यांनी निरखलं आणि म्हणाल्या, हे आमच्याकडचं नाही, दार बघा.

सहावा दिवस : गोकायामा

ओकामींचं म्हणणं दुसऱ्या दिवशी पटलं. शिराकावात घरात शिरायचं दार पाखाखाली, लांब बाजूला. गोकायामात ते त्रिकोणी टोकाला, आणि त्या टोकावर खाली आणखी एक गवती पडवी, त्यामुळे लांबून घर इरिमोयासारखं भासतं. दोन्ही ठिकाणची घरं एकाच वारशात मोडतात, एकाच मालिकेत शेजारी छापली जातात, आणि संग्राहकांच्या वह्यांत नेहमी एकमेकांच्या नावावर जातात. दार आणि पडवी बघितली की चूक होत नाही.

ताकाओकाकडे जाणारी बस सुगानुमा आणि आइनोकुरा या दोन्ही वाड्यांपाशी थांबते. दिवसाला मोजक्याच फेऱ्या, म्हणून आधी वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवावा. सुगानुमा नदीच्या वळणावर, नऊ गाश्शो घरांचं. आइनोकुरा थांब्यापासून पाच मिनिटं चढावर, सुमारे वीस घरांचं. वाडीवरच्या उतारावर दाट झाडी आहे, ती तोडायची नाही असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक. हिमकडा सुटला तर तो अडवायला तेवढीच भिंत. आइनोकुराच्या तिकिटात घरांमागे हिरवा-काळा पट्टा दिसतो तो हाच.

या घरांच्या जमिनीखाली बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनायचा. इरोरीच्या बाजूला खड्डा, त्यात माती, हिरवं गवत, दवणा जातीच्या वनस्पती आणि रेशीमकिड्यांची लेंडी थरांनी भरायची, चार-पाच वर्षं कुजवायची, मग पाण्याने धुऊन अर्क उकळायचा. इरोरीच्या उबेमुळे थंडीतही कुजणं थांबत नसे. हा सगळा माल कागा संस्थानाला जायचा. छप्पर, शेगडी, किडे आणि दारू यांचं असं एकत्र गणित बसलं म्हणून घरं एवढी उंच झाली.

गोकायामाचं टोफू दोरीने बांधून उचललं तरी तुटत नाही इतकं घट्ट. शाकाहाऱ्यांनी इथे पोटभर जेवावं, काप कच्चेच खावेत. जेवणानंतर इथल्या हातकागदाची कार्डं घ्यावीत. कोझो झाडाच्या सालीचे धागे हिवाळ्यात बर्फावर पसरून पांढरे करायची पद्धत इथे आहे.

ही कार्डं फूकेइइनसाठी. जपानच्या अनेक पोस्टांत स्थानिक देखाव्याचा गोल, तांबूस-तपकिरी शिक्का असतो, तो फूकेइइन. कार्डावर 85 येन किंवा अधिकचं तिकीट चिकटवून खिडकीत द्यायचं आणि ‘किनेन ओइन’ म्हणायचं, म्हणजे शिक्का मारून कार्ड परत मिळतं, टपालात जात नाही. यात तीन गोष्टी बिघडतात. गुळगुळीत फोटोकार्डावर तेलकट शाई बसत नाही, बोट लागलं की पसरते. हातकागदावर ती लगेच मुरते, पण कागद फार खरबरीत असेल तर बारीक रेषा जातात, म्हणून मऊ बाजू निवडावी. दुसरं, शिक्का साडेतीन सेंटिमीटरचा, तिकिटापेक्षा रुंद. तिकीट कार्डाच्या कडेला टेकवून लावलं तर शिक्का अर्धा हवेत जातो. भोवती चार सेंटिमीटर मोकळे सोडावेत. तिसरं, गवती छप्पर गडद छापलेलं असतं, त्यावर तपकिरी शाई दिसत नाही. शिक्का तिकिटाच्या आकाशाच्या कोपऱ्यावर यावा असं पेन्सिलीने हलकं दाखवलं तर खिडकीतला माणूस बरोबर तिथेच मारतो. वर टिपकागद ठेवून मगच पाकिटात घालावं. लहान पोस्टं शनिवार-रविवार बंद असतात, आणि प्रत्येकाकडे फूकेइइन असतोच असं नाही, तेव्हा आधी चौकशी करून वार ठरवावा.

सातवा दिवस प्रवासात गेला. शिन-ताकाओकाहून त्सुरुगापर्यंत शिनकान्सेन, तिथे गाडी बदलून क्योतो. मार्च 2024 पासून हे बदलणं सक्तीचं झालं आहे, सामान हलकं ठेवावं.

आठवा दिवस : मियामा

क्योतोहून सोनोबे किंवा हियोशीपर्यंत रेल्वे, पुढे गावाची बस. फेऱ्या इतक्या थोड्या की परतीची चुकली तर टॅक्सीशिवाय उपाय नाही. कीता वाडीत पन्नासेक घरांपैकी चाळिसाच्या आसपास गवताची. 1993 पासून ही वाडी संरक्षित आहे. इथलं छप्पर इरिमोया, आणि आढ्यावर लाकडाच्या फुल्या स्वार झालेल्या, विषम संख्येत. त्या आढ्याचं गवत वाऱ्यात धरून ठेवतात. गाश्शोच्या आढ्यावर अशा फुल्या नसतात, तिथे आढ्याखालून दोन्ही बाजूंना काठ्यांची टोकं बाहेर डोकावतात आणि दोर त्यांना बांधलेले असतात. तिकीट कितीही लहान असो, आढ्यावर फुल्या दिसल्या की गोकायामाचं नाव काढायचं नाही.

शेतांच्या कडेला छोट्या छपराच्या लाकडी पेट्या दिसतात. त्यांत आग विझवायच्या पाण्याच्या तोफा आहेत. सरावाच्या दिवशी सगळ्या एकदम सुटतात.

वाडीच्या तोंडाशी लाल, गोल, जुन्या घडणीची टपालपेटी आहे आणि तिच्यामागे गवती छप्पर. पेटीत टाकलेल्या कार्डावर गोळा करणाऱ्या पोस्टाचा नेहमीचा शिक्का बसतो, फूकेइइन नाही. भारतात पाठवायची कार्डं आम्ही इथेच टाकली, प्रत्येकावर 80 चं घर आणि शेजारी 20 ची जोड. रात्रभर पाऊस पडून गेला होता. पाखाच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं आणि ऊन लागलेल्या बाजूने वाफ वर चढत होती.